पंचेचाळीसच्या पुढं

नळदुर्ग मागं पडून सपाटीला लागलो की सुरू व्हायचं.
पंचेचाळीसला बारीक,
पन्नासला कुणी नाकात बोलल्यासारखं,
साठला सरळ सूर.
पाय उचलला की गप्प.

बसवराज म्हणाला टायर.
क्लीनर आहे, वय एकोणीस, त्याला सगळंच टायर वाटतं.
बोरामणीच्या धाब्यावर एक जण म्हणाला सेंटर बेअरिंग,
दुसरा म्हणाला, काच वर कर, टेप लाव.
महिनाभर मी तेच केलं.

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत,
टॉवेलच्या दोन कारखान्यांच्या मधे
मल्लेशम येमूल यांचं गॅरेज.
बावीस वर्षं मागावर काढली, कान तिथंच ठेवून आले.
आणि आवाज ओळखायला लोक ह्यांच्याकडं येतात.
हसायचं तर बाहेर हसावं,
आत ते ओठ बघतात.

"कुठल्या गिअरला?"
सगळ्याच.
"न्यूट्रलला?"
मी बोटानं नाही म्हटलं.
"म्हणजे पेटी नव्हं."

मागची चाकं घोडीवर घेतली.
बसव्याला वर बसवून गाडी गिअरात टाकायला लावली
आणि स्वतः गोणपाटावरून खाली सरकले.
हातभर सळई.
एक टोक हाऊसिंगला,
दुसरं दाढांत.
डोळे मिटले.

दोन्ही बाजूंनी माग ठोकत होते,
उन्हानं पत्रा तडतडत होता,
त्यांना त्यातलं काही नव्हतं.
त्यांच्या कवटीत फक्त माझी गाडी होती.
मी उगाच खिशातली किल्ली चाचपत राहिलो.

सळई दोन बोटं पुढं. पुन्हा दाढा.
मग थुंकले, काळं.
"पिनियन," म्हणाले. "रडूलालीय."

ऑईल काढलं. तळाशी चमकी.
बोटावर घेऊन त्यांनी ती माझ्या बोटाला पुसली,
बघ म्हणाले नाहीत.
झाकण उघडून, डबीतला शेंदूर ऑईलात कालवून
क्राऊनच्या चार दातांना फासला, हातानं चाक फिरवलं.
दात दाताला जिथं भिडतो तिथला शेंदूर निघतो.
नीट जोडीचा मधोमध निघतो.
माझ्या गाडीचा कडेला,
नखाएवढा.

मग घासलेटच्या बोळ्यानं पुसून नंबर वाचले,
बहिरी माणसं वाचतात तसे, गल्लीला ऐकू जाईल असे:
क्राऊनवर दोनशे चौदा.
पिनियनवर सदुसष्ट.

कारखान्यातून ते दोघं एकमेकांवर घासूनच येतात.
एक बदलला की दुसरी बदलायची
हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.
दिवाळीआधी क्राऊनचे दात उडाले तेव्हा
शेठनी जोडीचे पैसे दिले होते.
मी जहिराबादला भंगारातून नुसता क्राऊन घेतला,
पिनियन पुसून जुनीच बसवली.
उरलेल्या अकरा हजारांचं काय झालं ते सांगत नाही.
वाईट काही झालं नाही.
संपले.

येमूलमामांनी बसव्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"ह्याला चहाला पाठव."
पोरगं गेल्यावर आवाज बारीक करायला गेले,
जमलं नाही त्यांना.
"चालती की. हैदराबाद करून येती.
रडत जाती, रडत येती.
एक दिवस दात टाकती. कुठं, ते माझी सळई सांगत नाही."

शेंदराचे हात पायजम्याला पुसले.
"जोडी मागवू?"
मी मान हलवली. कुठल्या दिशेनं ते मलाच कळलं नाही.

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.
दोन्हीकडचे माग एका दमात थांबले
आणि गल्लीत एवढी जागा झाली
की पलीकडं कुणीतरी डबा उघडल्याचं ऐकू आलं.
मामांना काय कळणार.
ते मागांच्या वरून बोलत होते, तसेच बोलले:

"बिल कुणाच्या नावानं?"

कोपऱ्यावर बसव्या, हातात तीन ग्लास,
उभाच राहिला.